दूध तापेपर्यंत : प्रार्थनेची सवय नव्यानं लावणाऱ्यांसाठी

"काका, प्रार्थना करायची म्हणजे नेमकं काय करायचं?" आमच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण पोरं हे विचारतात तेव्हा आधी मागं वळून बघतात, कुणी ऐकत तर नाही ना. लाज वाटते. संडे स्कूलची बक्षिसं घेतलीत, प्रभूची प्रार्थना तोंडपाठ आहे, आता या वयात हे कसं विचारायचं? जे नव्यानं मंडळीत आलेत त्यांची वेगळीच पंचाईत. त्यांना वाटतं, बाकीच्या सगळ्यांना हे येतंच, आपणच तेवढे कोरे. तुम्हाला म्हणून सांगतो, उपासनेत निम्म्या बाकांवर हाच प्रश्न घेऊन माणसं बसलेली असतात.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका टर्निंग शॉपमध्ये लेथवर निम्मं आयुष्य गेलं, आता डोळे आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिथंच तपासणीच्या टेबलावर मापाचं व्हर्नियर घेऊन बसतो. त्यामुळं इथं जे लिहिलंय ते ईश्वरविज्ञान नव्हे. तेलकट हातानं शिकलेलं आहे, काही पडून-धडपडून.

पडण्याचीच गोष्ट आधी सांगतो. तिशीत असताना एका शिबिरात पहाटेच्या प्रार्थनेवर जोरदार उपदेश ऐकला आणि घरी येऊन ठरवलं: रोज पहाटे चारला उठायचं, तासभर गुडघ्यावर. नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी गुडघ्यावरच झोप लागली आणि कपाळ कॉटच्या लोखंडी कडेवर आपटलं. टेंगूळ घेऊन कामावर गेलो. त्यानंतर दीड वर्ष प्रार्थनेच्या वाटेला गेलो नाही, कारण मनात पक्कं बसलं होतं की हे आपलं काम नव्हे. म्हणून पहिल्याच दिवशी तासाचा संकल्प सोडणारा कुणी भेटला की मी त्याला अडवतो. छोटं धरा, पण ठरलेलं धरा. माझं सगळं सांगणं या एका वाक्याभोवतीच फिरतंय.

आधी खुंटी शोधा

शर्ट टांगायला खुंटी लागते, नाहीतर तो खुर्चीवर पडतो आणि तिथून जमिनीवर. प्रार्थनेचंही तसंच. "वेळ मिळेल तेव्हा करीन" म्हणणाऱ्याला वेळ मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. दिवसात जी गोष्ट तुम्ही काही झालं तरी करताच, तिच्यावर प्रार्थना टांगा.

आमच्या घरात ही खुंटी म्हणजे दूध. सकाळी सहाला गवळी लिटरभर म्हशीचं दूध घालून जातो. बायको पातेलं गॅसवर चढवते, आच मध्यम ठेवते आणि ओट्याला टेकून उभी राहते. दूध वर यायला सात-आठ मिनिटं लागतात. आधी कडेला बारीक बुडबुडे, मग मधोमध साय थरथरायला लागते, मग ती एका बाजूनं फुगते. एवढ्या वेळात ती बोलत नाही आणि तिच्याशीही कुणी बोलत नाही. पोरं लहान होती तेव्हापासून त्यांना माहीत आहे, दूध वर येईपर्यंत आई प्रार्थनेत. ओठ हलतात, डोळे मात्र पातेल्यावर. डोळे मिटलेच पाहिजेत असा नियम पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठंच नाही.

तुमची खुंटी वेगळी असेल. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला जाणाऱ्याला कंपनीच्या बसमधली पहिली दहा मिनिटं. नर्सिंग करणाऱ्या बहिणींना ड्युटीवर चढण्याआधी हात धुण्याची वेळ. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्याला तटाच्या बाजूनं एक ठरलेला टप्पा. बायबलमधला दानिएल दिवसातून तीनदा यरुशलेमेकडं उघडणाऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकत असे. त्याची खुंटी म्हणजे ती खिडकी. प्रभू येशू अगदी पहाटे, काळोख असतानाच उठून निर्जन जागी जायचा, असं मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे. आता निर्जन जागा कुठली, असं दोन खोल्यांत पाच माणसं राहणारा विचारेल. प्रार्थनेबद्दल येशूचं 'खोलीत जा, दार लाव' हे सांगणं वाचून माझ्या एका मित्रानं खरंच विचारलं होतं, "कुठल्या खोलीत? आमच्यात दार एकच, आणि ते रस्त्यावर उघडतं." मी त्याला गाडी लावतो तिथला जिना सुचवला. आजही तो चौथ्या पायरीवर बसतो.

पहिला महिना पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. जास्त करावंसं वाटलं तरी उठा. भूक ठेवून उठलं की दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडं वळतात.

कुठली भाषा?

इथं जरा रेंगाळतो, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त माणसं इथंच अडतात.

प्रार्थना सभेत एखादे बुजुर्ग उभे राहतात आणि सुरुवात होते: "हे परमपवित्र, सर्वसमर्थ, दयाळू, कृपाळू, कनवाळू पित्या, आम्ही तुझ्या चरणी नतमस्तक होऊन..." वाक्य संपतच नाही. ऐकायला भारदस्त वाटतं. त्या माणसाची भक्ती खोटी असते असंही नाही. आजोबांकडून आलेली भाषा आहे ती, आणि तिचा आदर आहेच. पण नवखा माणूस ते ऐकून मनाशी ठरवतो की देवाशी बोलायला असली मराठी लागते, आपली चालत नाही. आणि मग तो कायमचा फक्त 'आमेन' म्हणणारा होऊन राहतो.

आमच्या गल्लीत एक मावशी होत्या. लिहिता-वाचता बेताचंच. त्यांची प्रार्थना मी भिंतीपलीकडून ऐकली आहे: "प्रभू, आज लई दमलो बघ. कंबर धरलीया. पोराचं तेवढं बघ बाबा, परत दारूला लागलंय. मी सांगून थकलो. आता तूच काय ते कर. झोपतो आता." कोल्हापूरच्या बायका 'दमलो, थकलो, झोपतो' असंच बोलतात, आणि मावशी देवाशीही तशाच बोलायच्या. व्याकरण बदललं नाही, आवाज बदलला नाही. इतकी स्वच्छ प्रार्थना मी व्यासपीठावरून क्वचित ऐकली.

तुमच्या घरात जी बोली, ती घेऊन बसा. देवाला 'तू' म्हणायला नव्या माणसाला अवघड जातं, साहेबाला अरे-तुरे केल्यासारखं वाटतं. पण आईला आपण 'तू'च म्हणतो. विठोबालाही इथल्या संतांनी 'तू'च म्हटलं. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत हा 'तू' सलगीचा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं या हट्टानं. त्यांचं निधन १९२२ मध्ये झालं आणि छापील ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण झाला. एवढी संस्कृत जाणणारी पंडिता सोप्या मराठीसाठी अशी झिजते, तर आपण अवघड मराठीसाठी कशाला कष्ट घ्यायचे?

प्रभूची प्रार्थना, सावकाश

शब्दच सुचत नसतील तर उसने घ्या. शिष्यांनीही तेच केलं. "आम्हाला प्रार्थना करायला शिकव" असं ते म्हणाले तेव्हा येशूनं त्यांना तयार शब्द दिले. आपण ते वीस सेकंदांत उरकतो. घड्याळ लावून बघा हवं तर.

असं करा: सोमवारी फक्त 'आमच्या स्वर्गातील पित्या' एवढंच घ्या. 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. या 'आमच्या'त कोण कोण येतं? ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो चुलतभाऊही येतो का? पाच मिनिटं तिथंच बसा. मंगळवारी 'तुझे नाव पवित्र मानले जावो'. असं एकेक करत गेलात की आठवडाभर पुरते. गुरुवार-शुक्रवारच्या सुमारास 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' येईल. आपल्याकडच्या अनुवादात भाकर आली याचा मला फार आनंद आहे. आठवड्याची नाही, महिन्याची नाही, आजची. ज्यानं पगाराच्या आधीचे शेवटचे चार दिवस काढलेत त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. आणि पुढंच 'आमची ऋणे आम्हाला सोड' आहे. या वाक्यावर मी एकदा तीन आठवडे अडकलो होतो, कारण पुढचं 'जसे आम्हीही आपल्या ऋणकऱ्यांस सोडले आहे' तोंडातून निघेना. अडकलात तर अडका. पुढं पळू नका.

वचन वाचायचं कसं

'वर्षात अख्खं बायबल' हा बेत नवख्यानं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्पत्ती गोडीत जातं, निर्गमाचा पहिला भाग धडाक्यात, आणि लेवीयमध्ये गाडी रुतते. मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय, आणि लेखकाला घाई आहे, रेंगाळत नाही.

बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठवासीयानं वाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापाशी असणं. नावं जड वाटतात, कृती अगदी हलकी आहे. एक उतारा घेऊन करून बघू. मार्क, दहावा अध्याय, शेवटचा प्रसंग: यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय.

एकदा मोठ्यानं वाचा. घरात कुणी झोपलं असेल तर ओठांनी. कथा म्हणून वाचा: धूळ, गर्दी, ओरडणारा माणूस, त्याला गप्प बसवणारी माणसं. दुसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द पायात काट्यासारखा रुततो का ते बघा. मला मागच्या खेपेला 'आपले वस्त्र टाकून' हा तपशील रुतला. भिकाऱ्याचं वस्त्र म्हणजे त्याचं अंथरूण, पांघरूण आणि पैसे झेलायची झोळी, सगळं तेच असणार. ते त्यानं फेकलं, अजून दिसायला लागायच्या आधीच! परत हाताला कसं लागणार होतं? त्यावर मी केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, अख्ख्या प्रवासात विचार करत होतो. हे मनन. मग येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न स्वतःवर घ्या आणि उत्तर द्या, खरं उत्तर. ही प्रार्थना. आणि मग दोन मिनिटं पुस्तक मिटून गप्प बसा. मन बाजारात जाईल, लक्ष्मीपुरीत भाजी घेऊन येईल. येऊ द्या. पुन्हा आणून बसवा. दहा वेळा गेलं तर दहा वेळा आणा, चिडू नका.

दिवसाला एवढा एकच प्रसंग. मार्क संपायला तीनेक महिने लागतील. लागू देत.

मग स्तोत्रसंहिता. तिच्यात दीडशे स्तोत्रं आहेत. रोज एक, आणि कंटाळवाणं वाटलं तरी मोठ्यानं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तेविसावं सगळ्यांना येतं. एकशे एकविसावं आणि एकशे तिसावं पाठ करून टाका, ती दवाखान्याच्या बाकड्यावर कामाला येतात.

दिवसभराच्या बारीक प्रार्थना

'निरंतर प्रार्थना करा' असं प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो. कामावरचा माणूस हे वाचून हसतो. मीही हसलो होतो. घडवायचा जॉब लेथच्या पकडीत, चकमध्ये धरलाय, मशीन चालू आहे, निरंतर काय करू?

पूर्वेकडच्या ख्रिस्ती साधूंनी यावर एक तोडगा काढला: एकच छोटं वाक्य, श्वासाबरोबर. 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' यात बार्तीमयाची हाकही आहे आणि लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराचं छाती बडवून केलेलं मागणंही. श्वास घेताना पहिला भाग, सोडताना दुसरा. मोजायचं नाही. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला अडकलात तर तीन-चार वेळा होतं, आणि पुढच्या रिक्षावाल्यावर ओरडायची सुरसुरी जरा बसते. मशीन चालू असताना मात्र लक्ष मशीनवरच ठेवा. बोट गेलं तर त्याला भक्ती म्हणत नाहीत.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक साधा माणूस होता. आधी शिपाई होता, लढाईत पाय जायबंदी झालेला. मठानं त्याला स्वयंपाकघरात घातलं, आणि स्वयंपाक त्याला मुळीच आवडत नसे. तरी भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवापाशीच आहोत, अशी सवय त्यानं लावून घेतली. पुढं त्याची बदली झाली ती चपला दुरुस्त करायच्या कामावर. कोल्हापूरच्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे. सुभाष रोडला चपलेचा अंगठा शिवत बसलेल्या कारागिराकडं बघताना मला हटकून तो आठवतो.

रात्रीचा रोजमेळ

गुजरीतला किंवा मार्केट यार्डातला व्यापारी दुकान बंद करण्याआधी रोजमेळ लिहितो. दिवसभरात काय जमा, काय नावे (म्हणजे खर्ची), शिल्लक किती. लोयोलाचा इग्नेशिअस हा ख्रिस्ती संत, जो १५२१ मध्ये तोफगोळ्यानं पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि तिथून पुढं बदलला, त्यानं आपल्या माणसांना दिवसाची अशीच उजळणी शिकवली. मी तिला रोजमेळच म्हणतो. अंथरुणावर पडण्याआधी, बसून करा. पडून केलीत की 'जमा'तच घोरायला लागता.

आधी जमा. आज देवाकडून काय आलं? मोठं शोधू नका. मग नावे. आज कुठं चुकलो, कुठं प्रेम करायचं टाळलं? मग उद्याची शिल्लक पुढं ओढायची: उद्या कुठं देवाची मदत लागणार आहे?

परवाचा माझाच सांगतो. जमा: केएमटीत एका कॉलेजच्या पोरानं उठून एका आजोबांना जागा दिली, बघून सकाळ बरी गेली. दुपारी बायकोनं डब्यात न सांगता खरडा दिला होता. नावे: शॉपमधल्या नव्या पोराच्या हातून बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठा गेला, जॉब बाद. मी तो जॉब सगळ्यांसमोर टेबलावर आपटला आणि म्हणालो, "शाळेत तरी गेलतास का?" त्या क्षणी लोक हसले आणि मला बरं वाटलं. रात्री त्या हसण्यापाशी येऊन थांबलो. पोराचं तोंड डोळ्यांसमोर आलं. पापकबुली म्हणजे काय ते अशा वेळी कळतं. 'आम्ही सर्व पापी आहोत' असं घोळक्यात म्हणायला काही लागत नाही. शिल्लक पुढं ओढली: सकाळी त्याच्याशी बोलायचं. बोललो. सगळ्यांसमोर नाही बोललो, तेवढं धाडस झालं नाही. ते परत नावे पडलंय.

या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागतात. वही ठेवली तर उत्तम, पण वही इतरांना वाचायला मिळणार नाही अशी जागा आधी शोधा.

दुसऱ्यांसाठी मागताना

खिशातल्या डायरीचं एक पान करा, सात वार लिहा, प्रत्येक वाराला चार-पाच नावं. घरचे रोज. बाकीचे वाटून. ज्याच्यावर राग आहे त्याचं एक नाव आठवड्यात कुठंतरी असलंच पाहिजे. नाव घेऊन देवापुढं धरायचं, बस. काय करायचं ते देवाला सुचवत बसायची गरज नाही.

एक सावधगिरी. 'प्रार्थनेसाठी सांगतोय हं' अशी सुरुवात करून अख्ख्या मंडळीत दुसऱ्याच्या घरची भांडणं पोचवली जातात. कुणी विश्वासानं सांगितलेलं तुमच्या डायरीच्या पलीकडं जाता कामा नये. आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करतो म्हणालात, त्याच्यासाठी ती करा. मी विसरतो म्हणून आता जागेवरच करतो, फोनवर असलो तर फोनवर, दोन वाक्यांत.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, आणि त्याला डॉक्टरकडंही न्या. शेजारी मिरजेत १८९४ मध्ये दवाखाना सुरू करणारे डॉ. विल्यम वानलेस हे मिशनरीच होते. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांचं भांडण त्यांनी कधी लावलं नाही. विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, असं कुणी सांगितलं किंवा प्रार्थनेचे पैसे मागितले, तर चप्पल घालून तिथून निघा.

आकाश पितळेचं होतं तेव्हा

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कधीतरी असं होईल की काहीच वाटेनासं होतं. शब्द छताला लागून खाली पडतात. नवखा माणूस इथं सोडतो, कारण त्याला वाटतं आपलं काही चुकलं. चुकलेलं नसतं. लग्नाला दहा वर्षं झालेला माणूस रोज सकाळी बायकोकडं बघून गाणं म्हणतो का? तरी चहा दोन कप होतो. ठरलेल्या खुंटीपाशी ठरलेली पाच मिनिटं बसा, बोलावंसं वाटलं नाही तर स्तोत्र वाचा आणि उठा.

आणि कोरडेपणापेक्षा जड दिवस आले तर? ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी जयंती नाल्यानं शाहूपुरीकडं चढलं तेव्हा आम्ही पोराबाळांसह नातेवाइकांकडं राजारामपुरीत वरच्या अंगाला गेलो. शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली, गावात दूध नाही, पेट्रोल नाही, सगळीकडं पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही. घरी परतलो तर भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची रेघ. कपाटाच्या खालच्या फळीवरचं वडिलांचं पवित्र शास्त्र फुगून विटेएवढं झालं होतं. लोक म्हणत होते, देवाचे आभार माना, जीव वाचला. खरं होतं. पण माझ्या तोंडून आभार निघेनात.

तेव्हा पोराच्या मोबाइलवर एकोणसत्तरावं स्तोत्र काढलं. पहिल्याच ओळीत तो माणूस ओरडतोय की पाणी माझ्या गळ्यापर्यंत आलंय, मी खोल चिखलात रुतलोय, पाय टेकायला जागा नाही. हातात खराटा, पायात तोच चिखल, आणि हजारो मैलांवरच्या कुणीतरी हे माझ्यासाठी लिहून ठेवलेलं! स्तोत्रांतली जवळजवळ एक तृतीयांश ही अशी तक्रारीची, विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचं एक वाक्यही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. स्वतः येशूनं वधस्तंभावर बावीसाव्याचीच पहिली ओळ म्हटली. देवाशी भांडणं हाही देवाशी बोलण्याचाच प्रकार आहे. भांडायचंच असेल तर पाठ फिरवून जाऊ नका, समोर उभं राहून भांडा.

ते फुगलेलं पुस्तक आम्ही गच्चीवर वाळवलं. पानं सुटी झाली, स्तोत्रांचा भाग मात्र चिकटून राहिला.

गाणं, उपवास आणि बाकीचं थोडक्यात

ज्यांना बसून प्रार्थना जमत नाही त्यांनी गावं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत, आणि १९१९ मध्ये जाईपर्यंत त्यांनी अभंगाच्या वळणाची इतकी गीतं लिहून ठेवली की मराठी मंडळी अजून त्यांवर जगते. स्कूटरवर हेल्मेटच्या आत मोठ्यानं गाता येतं, कुणाला त्रास नाही.

उपवास जपून करा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. सुरुवातीला त्यातले फक्त शुक्रवार धरा, तेही एक वेळचं जेवण. साखरेचा आजार, गरोदरपण, औषधं चालू असतील तर जेवणाचा उपवास नकोच. त्याऐवजी रात्री आठनंतर मोबाइल बंद. वाचलेल्या जेवणाचे पैसे कुणाच्या तरी ताटात गेले पाहिजेत, यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाचा तोच अर्थ सांगितलाय. आणि उपवास आहे म्हणून घरच्यांवर खेकसणार असाल तर जेवलेलं बरं.

एक तरी सोबती

रॉयल वायल्डर नावाचे मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचं नाव इथल्या वायल्डर मेमोरियल चर्चमुळं आपल्याला माहीत आहे. त्यांच्या पोरांबद्दल मात्र इथं फारसं कुणी बोलत नाही. ग्रेस आणि रॉबर्ट. रॉबर्ट तर १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. कुटुंब अमेरिकेला परतल्यावर ही भावंडं घरात एकत्र प्रार्थना करत, की कॉलेजातून मिशनसाठी माणसं उठावीत. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिरात रॉबर्ट होता, तिथून शंभर जण उठले. ग्रेस पुढं मिशनरी होऊन भारतात परत आली. सांगायचं एवढंच की सुरुवातीला दोघंच होते, आणि तेही सख्खे भाऊ-बहीण.

मोठा गट शोधत बसू नका. एक माणूस बघा, जो तुम्हाला महिन्यातून एकदा तरी सरळ विचारेल, "बसतोस का रोज?" आणि नाही म्हणालात तर उपदेश करणार नाही. रविवारची उपासना सोडून हे सगळं एकट्यानं करू म्हणणारेही भेटतात. माझ्या अनुभवात ते वर्षभरात थंडावतात. मंडळीतली माणसं कटकटी असतात, गीत बेसूर होतं, नोटिसा लांबतात, तरी जा.

माझा सोबती म्हणजे तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसणारा मित्र. आमच्या शॉपला सुट्टी सोमवारी, त्यालाही. सकाळी सातला रंकाळ्यावर भेटतो. पहिली दहा मिनिटं त्याच्या उसाच्या बिलात जातात, पुढची पाच माझ्या गुडघ्यांत. मग बाकावर बसून दोघंही डायरी काढतो. तो माझ्या पोरांसाठी मागतो, मी त्याच्या आईसाठी, दोघांच्या मिळून दहा-बारा वाक्यांत उरकतं. समोर पाण्यावर ऊन आलेलं असतं, मागून फिरायला आलेली माणसं आमच्याकडं बघत जातात. मग तो म्हणतो, "चल, मिसळ."